कथेआधी वाचकाला इशारा द्यावा का? (सावधान: आत चौदावा भाग फुटलेला आहे)

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

मंडळी, एक विचारायचं आहे. जरा लांबण लागेल.

गेलं दीड वर्ष मी फॅन फिक्शन लिहिते. संध्याकाळच्या एका मालिकेत नायिकेचा धाकटा दीर होता. चांगला चालला होता, मग एके दिवशी 'बेंगळुरूला नोकरी लागली' म्हणून बॅग भरून पाठवला आणि मालिकावाले त्याला विसरले. नंतर दिवाळीच्या भागात घरातलं एक माणूस त्याचं नाव काढत नाही! मला ते बघवलं नाही. मी त्याला परत आणला, तोही आमच्या खानापुरात. स्टेशनजवळ भाड्याची खोली, मेडिकलच्या दुकानात हिशोबाचं काम, भावजयीला दर रविवारी फोन. बघता बघता चौदा भाग झाले.

चौदाव्या भागात तो माळ्यावर चढतो आणि परत उतरत नाही.

माझी एक वाचक आहे. प्रत्येक भागावर पहिला अभिप्राय तिचा. या भागावर चार दिवस काहीच नाही, मग निरोप आला. तीन वर्षांपूर्वी तिचा भाऊ असाच गेला. माझा भाग तिने बेळगावहून येताना बसमध्ये, दांडीला धरून उभ्या उभ्या वाचला. देसूरला उतरली, खानापूरचं तिकीट हातात असून. मोरीवर बसून राहिली, पुढची बस आली तरी उठली नाही. मला दोष दिला नाही तिने. एवढंच विचारलं, "ताई, आधी सांगितलं असतंत तर?"

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. वर 'आत्महत्या' असा शब्द लिहिला तर भाग तिथेच संपला. तेरा भाग मी जे झाकून आणलं ते एका ओळीत उघडं. नाही लिहिलं तर पुन्हा कुणीतरी मध्येच बसमधून उतरणार. तुम्ही काय करता?

कुंदाप्रेमी

पहिला नंबर माझा. मत नंतर देतो. मी तेरावा वाचून थांबलो होतो, चौदावा रविवारी निवांत वाचायचा म्हणून ठेवला होता. इथंच फोडलंस की!

मलप्रभाकाठ

अय्यो. सॉरी. शीर्षकात टाकते.

टिळकवाडीकर

माझं मत स्पष्ट आहे: नको. इथून खानापूर तालुक्यातलं नंदगड किती लांब? १८३१ साली तिथं वडाला, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. आम्हाला ती गोष्ट प्राथमिक शाळेत सांगितली, वर्गात मुसमुसून रडलो, घरी जाऊन जेवलो. 'मुलांनो, पुढे फाशी आहे, ज्यांना नको त्यांनी बाहेर जा' असं गुरुजी म्हणाले नाहीत. साहित्याचं कामच हलवायचं आहे. हलायचं नसेल तर पंचांग वाचा.

उद्या म्हणाल 'आत सासू आहे', 'आत कर्ज आहे', 'आत मुलीला नकार आला आहे'. कुणाला कशाने लागेल याची यादी कोण करणार?

रात्रपाळी

टिळकवाडीकर, रायण्णाला फाशी होते हे गोष्ट सुरू व्हायच्या आधी साऱ्या वर्गाला माहीत असतं. गावात पुतळा आहे, समाधी आहे. इशारा गावानेच दिलेला आहे. तो माळ्यावरचा मुलगा मात्र परवापर्यंत भावजयीला फोन करत होता.

मी नर्स आहे, बहुतेक रात्रपाळी. सविस्तर लिहिते, जरा वेळाने. पेशंट आलाय.

निपाणीचा_पाहुणा

इशाऱ्याबद्दल मला कुणी शिकवू नये, मी निपाणीचा आहे. तंबाखूच्या गावचा. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर इशारा आणि फोटो. मूळ नावाला जागा उरली नाही. गिऱ्हाईक काय म्हणतं माहिताय? "हा गळ्याचा फोटो नको, दुसरा फोटोवाला दे." आणि ओढत ओढत जातंय.

सिनेमातलं बघा. २०१२ च्या २ ऑक्टोबरपासून कुणी विडी पेटवली की खाली अक्षरं. आता डोळ्याला ती दिसतच नाहीत. तुझा इशारा पण दोन महिन्यांत तसाच होईल. लोक त्याच्यावरनं अंगठा सरकवून पुढं जाणार.

कुंदाप्रेमी

आमच्यात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, निपाणीत ८५ टक्के कॅन्सर. कथेला उरलं काय?

जागरण_मंडळ

मलप्रभाकाठ, तुझा प्रश्न जगातल्या फॅन लेखकांनी कधीच चघळून ठेवलाय. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' माहीत असेल. वाचकांनीच चालवलेलं संकेतस्थळ, जाहिरात नाही, २००९ ला सर्वांसाठी उघडलं, २०१९ ला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथं इशारे सक्तीचे चारच: हिंसेचं ठळक वर्णन, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. बाकी सगळं लेखकाने आपल्या मर्जीने जोडायचं. आत्महत्या त्या चारांत वेगळी नाही, ती खालच्या मोकळ्या टॅगमध्ये येते.

आणि यातली खरी गंमत पुढं आहे. लेखकाला सांगायचंच नसेल तर तसा पर्याय आहे: 'लेखकाने इशारे न देण्याचं ठरवलं आहे'. म्हणजे काय आहे ते सांगत नाही, पण काहीतरी असू शकतं, तुझ्या जबाबदारीवर आत ये. टिळकवाडीकरांसारख्यांची पण सोय. शिवाय वाचकाला आपल्या खात्यात इशारे झाकून ठेवता येतात. ज्याला हवं त्याला दिसतं, ज्याला रहस्य हवं त्याला दिसत नाही.

एक टॅग तर मला फारच आवडतो. 'मेलेलं कबूतर, खाऊ नये'. एका अमेरिकन विनोदी मालिकेत फ्रीजमध्ये पिशवी असते, वर असं लिहिलेलं. एक जण उघडून बघतो, आत खरंच मेलेलं कबूतर. तेव्हापासून हा टॅग म्हणजे 'जे लिहिलंय तेच आत आहे, मग बोंब मारू नको'.

अनगोळ_नाका

कबूतर हा हा हा. आमच्या गल्लीतल्या खानावळीत 'आज मटण' लिहितात आणि आत बटाटा असतो. त्यापेक्षा हे बरं.

गुरुजी_बैलहोंगल

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. फॅन फिक्शन म्हणजे काय ते कुणी सांगेल काय? नातीला विचारलं तर ती हसली.

जागरण_मंडळ

गुरुजी, दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन आपली गोष्ट रचायची. मूळ कथेत जे झालं नाही ते घडवायचं. फुकट, हौसेनं.

गुरुजी_बैलहोंगल

म्हणजे आपलं 'श्रीकृष्ण पारिजात' लोकनाट्य की! कृष्ण, रुक्मिणी, सत्यभामा पुराणातले, आणि रुसवेफुगवे आपल्या गोकाककडच्या बायकांचे. कुळगोडच्या तम्मण्णांनी ते उभं केलं, कौजलगीच्या निंगम्मांनी गाजवलं. नातीला आता मी हसणार.

बरं, मूळ प्रश्न. भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलं आहे की युद्ध, राज्यनाश, मरण, नगराला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून सांगाव्यात. म्हणजे घडलं हे कळावं, घडताना दिसू नये. अर्थात भासाने ऊरुभंगात दुर्योधनाला रंगमंचावरच मारला. नियम होता आणि मोडणाराही होता. दोघांनाही आपण आज मान देतो.

दुसरं. आमच्या बैलहोंगलची संग्या-बाळ्या. इथल्याच खुनाची गोष्ट, सन्नाट म्हणून, म्हणजे लोकनाट्य म्हणून रात्रभर चालते. संग्या मरणार हे गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. बाळ्या, त्याचा जिवलग, त्याला दगा देणार हेही ठाऊक. तरी पहाटे संग्याला घेरतात तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका बाळ्याच्या नावाने बोटं मोडतात. शेवट आधी कळला म्हणून रस गेला, हे मी ऐंशीच्या घरात येईतो एकदाही पाहिलं नाही.

एमए_सायकॉलॉजी

गुरुजींच्या बाजूने पुरावा पण आहे. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या दोघा संशोधकांनी बारा लघुकथा लोकांना वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच फोडून. ज्यांना शेवट माहीत होता त्यांना कथा सरासरी थोड्या जास्तच आवडल्या. म्हणजे 'रहस्य गेलं की सगळं गेलं' ही लेखकाची भीती वाटते तेवढी खरी नाही.

पण आता दुसरी बाजू, इशाऱ्याच्या विरुद्धची. या 'ट्रिगर वॉर्निंग'वर झालेल्या बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा २०२३ ला आला. त्याचा निष्कर्ष असा: इशारा वाचल्यावर माणसाची आधीची धाकधूक वाढते, मजकूर वाचतानाचा त्रास काही कमी होत नाही, आणि लोक तो मजकूर टाळतही नाहीत. तेव्हा 'इशाऱ्याने वाचक वाचतो' असं म्हणू नका. निपाणीच्या पाहुण्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

निपाणीचा_पाहुणा

बघा. मी शाळा सोडून सांगितलं ते यांना एमए करून कळलं.

टिळकवाडीकर

मग संपलं की. फायदा नाही, तोटा आहे, लेखकाला जाच आहे. धागा बंद करा.

शहापुरी_काठ

बंद नका करू, मला सांगायचंय.

आमची मोठी आत्या शहापुरात राहायची. सकाळी धडे भरायची (साडीचे हो, शाळेचे नव्हे), दुपारी गल्लीतल्या वाचनालयातून आणलेली कादंबरी. तिला एक खोड होती. पेन्सिल टोकदार करून पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायची. ती गेल्यानंतर त्या वाचनालयाने जुनी पुस्तकं रद्दीत काढली तेव्हा मी तिच्या हाताची तीन उचलून आणली. त्यातल्या एकात ८७ व्या पानावर आहे: 'पुढची चार पानं बाळंतिणीने वाचू नयेत.' खाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, शाईने: 'वाचली. बरोबर आहे.' त्याच्या खाली तिसरं, तिरकं: 'मी सोडली. उपकार झाले.'

आत्याचं पहिलं मूल पाचव्या दिवशी गेलं होतं. त्या चार पानांत काय आहे ते आता सांगायला नको.

ग्रंथपालांनी तिला पुस्तक खराब केल्याबद्दल एकदा चार आणे दंड केला होता. दंड घेतला, खरं खोडलं नाही त्यांनी.

रात्रपाळी

शहापुरी काठ, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले.

मी म्हटलं होतं लिहिते. तीन गोष्टी आहेत, क्रम असा काही नाही.

मलप्रभाकाठ, मी तुझा चौदावा भाग मुद्दाम काढून वाचला. चांगला लिहितेस. म्हणूनच सांगते. माळ्यावर तो काय करतो, कशाने, किती वेळ, सगळं तू दीड पान लिहिलंयस. जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना वर्षानुवर्षं सांगतेय की आत्महत्येच्या बातमीत पद्धत सविस्तर सांगू नका, कारण जो काठावर उभा असतो तो ते शिकतो. कथेला तो नियम नाही, मान्य. पण वर इशारा लावला म्हणजे खाली वाटेल तेवढा तपशील लिहायला मोकळी झालीस असं नव्हे. भाऊ गमावलेल्या बहिणीला इशारा उपयोगी पडेल. जो स्वतःच माळ्याकडे बघत बसलाय त्याला पडणार नाही, तो उलट तोच भाग शोधून वाचेल.

दुसरं, इशारा लिहिताना इशाऱ्यातच प्रसंग लिहू नको. मी असे इशारे वाचलेत की मूळ कथा त्यांच्यापुढे सौम्य. 'आत्महत्येचा उल्लेख' एवढं पुरे.

तिसरं, खाली टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर टाक. १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारं माणूस मिळतं. कथेचा रसभंग होत नाही, कथा संपल्यावर टाकायचा.

टिळकवाडीकर

पद्धतीचा मुद्दा पटला. तो इशाऱ्याचा मुद्दा नव्हे, चांगल्या लेखनाचा आहे. दीड पान माळ्यावर हे तसंही जास्तच होतं, मला वाटलंच होतं.

कुंदाप्रेमी

म्हणजे टिळकवाडीकर पण वाचतात! पंचांग वाचत असतील असं समजलो होतो.

टिळकवाडीकर

बायको वाचते. मी बाजूला बसतो.

वडगाव_माग

मी एक विचारतो. या सगळ्याला मराठीत म्हणायचं काय? 'ट्रिगर वॉर्निंग' म्हटलं की आमच्या घरात बंदुकीचं काहीतरी वाटतं.

एमए_सायकॉलॉजी

आशयसूचना?

वडगाव_माग

त्याला तहसीलदार कचेरीचा वास येतोय.

अनगोळ_नाका

कन्नडमधलं 'एच्चरिके' लिहा, सगळ्यांना कळतं. ट्रान्सफॉर्मरवर, पुलावर, कुत्र्याच्या दारावर, इथं तेच लिहिलेलं असतं. लहानपणी मला वाटायचं ते कुत्र्याचं नाव आहे.

जागरण_मंडळ

मेलो. 'एच्चरिके, ये ये, बिस्कीट घे.'

निपाणीचा_पाहुणा

यावर समिती नेमा.

कुंदाप्रेमी

काय पण नेमा, आयोग नेमू नका. १९६६ ला सीमाप्रश्नावर एक नेमला होता, अजून निस्तरूलोय. आणि कोर्टात पण जाऊ नका, तिथं आपली २००४ पासून तारीख पडतेय.

जांबोटी_पाऊस

मी या धाग्यावर एवढा वेळ नुसती वाचत होते. मसाल्याच्या दुकानात बसते, म्हणून सुचलं. गिऱ्हाईक येतं, लालभडक ब्याडगी बघतं आणि म्हणतं, बाई गं, किती तिखट असेल! ब्याडगीला रंग असतो, तिखटपणा बेताचा. शेजारच्या पोत्यातली संकेश्वरी दिसायला साधी, आणि घरी गेल्यावर डोळ्यांतून पाणी काढते. मी पुडीवर 'सावधान' लिहीत नाही. नाव लिहिते. ब्याडगी तर ब्याडगी, संकेश्वरी तर संकेश्वरी. ज्याच्या पोटाला जे झेपतं ते तो घेऊन जातो. कुणाला तिखटच हवं असतं, त्यांना पण नाव लागतंच की.

मला आवडतात रडवणाऱ्या कथा. मी टॅग बघून त्याच शोधते. इशारा म्हटलं की सगळ्यांना पळवून लावणारी पाटी का वाटते ते मला कळलं नाही.

वडगाव_माग

बस्स. मिळालं. 'आत काय आहे' असं लिहा. पुडीवर लिहितात तसं.

जागरण_मंडळ

जांबोटी पाऊस, हे मी तुमचं नाव सांगून दुसरीकडे चिकटवणार आहे. आर्काइव्हवर लोक अगदी असंच करतात, निम्मे टॅग टाळायला आणि निम्मे शोधायला.

जांबोटी_पाऊस

नाव नको सांगू, घरी माहीत नाही मी कथा वाचते ते.

टिळकवाडीकर

मिरचीची उपमा छान आहे, पण पुरती लागू होत नाही. मिरची तीच राहते, नाव लिहिलं काय, न लिहिलं काय. कथा बदलते. 'आत आत्महत्या आहे' हे कळल्यावर मी तेरा भागांतली प्रत्येक ओळ त्याच चष्म्यातून वाचणार. तो दुकानात उशिरा आला, म्हणजे त्यासाठीच का? त्याने भावजयीला छत्री परत दिली, म्हणजे निरोप का? छत्री नुसती छत्री राहत नाही. लेखिकेने ती छत्री नवव्या भागात नुसती ठेवली होती. चौदाव्यात ती वाचकाच्या अंगावर येते. मी सांगतो, आमच्या घरात त्या छत्रीसाठी कुणीतरी रात्री अकराला उठून नववा भाग पुन्हा काढला. इशारा असता तर ते झालं नसतं.

(बायको नव्हे. मी.)

रात्रपाळी

हा खरा आक्षेप. याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

गुरुजी_बैलहोंगल

उत्तर आहे, अर्धं. पहिल्या भागाच्या वर सगळ्या मालेचा इशारा लिहू नये, ज्या त्या भागावर त्या भागापुरता लिहावा. छत्री नवव्या भागात छत्रीच राहील.

मलप्रभाकाठ

मी दोन दिवस गप्प होते कारण त्या वाचकाशी बोलत होते. इथलं सगळं तिला पाठवलं (तिला विचारून, नाव कुठे नाही). शहापुरी काठच्या आत्याचं तिने दोनदा वाचलं म्हणे.

मी तिला सरळ विचारलं, वर 'आत्महत्येचा उल्लेख' असं लिहिलेलं असतं तर तू भाग सोडला असतास? ती म्हणाली, नाही. वाचलाच असता. धाकट्याचं काय झालं ते कळल्याशिवाय मला झोप लागली नसती. "पण बसमध्ये नसता वाचला. शनिवारी दुपारी वाचला असता, आई घरात असताना, दार पुढे ढकलून."

एमए सायकॉलॉजी, तुमचा आढावा म्हणतो की लोक टाळत नाहीत. तिनेही टाळला नसता. आता मला त्यात विरोध दिसत नाही. तिला वाचायचं होतं, फक्त उभ्याने नको होतं.

एमए_सायकॉलॉजी

त्या प्रयोगांत मजकूर समोर आणून ठेवतात आणि वाच म्हणतात. 'शनिवारी दुपारी वाचते' असा पर्याय फारसा नसतो. हे मला सुचलं नव्हतं.

निपाणीचा_पाहुणा

मग माझ्या पाकिटाचं पण तसंच म्हणायचं काय? शनिवारी दुपारी ओढावी?

रात्रपाळी

नाही.

मलप्रभाकाठ

टिळकवाडीकर, छत्रीसाठी आभार. ती कुणाच्या लक्षात आली नाही असंच मी धरून चालले होते. गुरुजी म्हणतात तसं भागापुरतंच लिहीन, आणि तेही एका ओळीत. ज्यांना तपशील हवा त्यांच्यासाठी भागाच्या अगदी शेवटी, नंबराच्या वर. आर्काइव्हवर पण बरेच लेखक असं शेवटी ठेवतात, जागरण मंडळने दाखवलं. ज्याला रहस्य हवं त्याने वरच्या ओळीवर बोट ठेवून वाचावं, त्याहून जास्त मला जमणार नाही.

आणि माळा काढला. दीड पान सगळं. आता तो जिना चढतो, आणि भावजय खालून दोनदा हाक मारते, चहा गार होतोय म्हणून. तिसऱ्यांदा मारत नाही. बस, एवढंच. लिहायला तीन रात्री लागल्या, दीड पान एका रात्रीत झालं होतं.

चौदावा भाग आता असा सुरू होतो:

'आत काय आहे: या भागात एक जण स्वतःहून जातो. प्रसंग दाखवलेला नाही. तपशील शेवटी.'

टिळकवाडीकर

'स्वतःहून जातो'. हं. हे चालेल. बेंगळुरूला पण तो स्वतःहूनच गेला होता.

शहापुरी_काठ

पेन्सिलने लिहिल्यासारखं झालंय.

अनगोळ_नाका

मी अजून एक पण भाग वाचलेला नाही. लिंक द्या की कुणीतरी.

जांबोटी_पाऊस

पहिल्यापासून वाचा. नवव्यात छत्री आहे.

टिळकवाडीकर

अहो!

कुंदाप्रेमी

ते सगळं ठीक, खरं पंधरावा कधी?

मलप्रभाकाठ

बुधवारी रात्री. आत काय आहे: बाराव्याचं जेवण, भावजयीचं न पाठवलेलं पत्र, मेडिकलच्या मालकाचा हिशोब. कुणी मरत नाही.

कुंदाप्रेमी

'कुणी मरत नाही' हे पण फोडलंस.